तापीचे पाणी, खान्देशचे ऊन

तापी मुलताईला उगम पावते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाट सुमारे ७२४ किलोमीटरची. या वाटेवर तिच्या पाण्याने केळी पिकते, कापूस वाढतो, गावांचे नळ चालतात. तिच्याच पाण्यावर दोन वेगळ्या तऱ्हांची वीजकेंद्रेही चालतात. वरच्या अंगाला, हतनूर धरणाच्या आधाराने, भुसावळजवळचे दीपनगरचे कोळशाचे केंद्र. खालच्या अंगाला, गुजरातेत व्याऱ्याजवळ, काकरापारचे अणुवीज केंद्र. या दोहोंच्या मधल्या मुलखात धुळे जिल्ह्याचे शिंदखेडा आणि साक्री हे तालुके आहेत. तिथल्या गावांनी ऊन आणि वारा यांपासून होणारी वीज पाहिली आहे. यापुढची वीज कशापासून बनवायची, या प्रश्नाची तिन्ही उत्तरे एकाच खोऱ्यात उभी आहेत. खान्देशाला हा वाद पुस्तकातून शिकावा लागत नाही.

या व्याख्यानाची भूमिका आधीच सांगितलेली बरी. महाराष्ट्राने कोळशाचा नवा संच उभारू नये, नवी अणुभट्टीही उभारू नये; जी भर घालायची ती ऊन, वारा आणि साठवण यांची असावी. मात्र ही भर शेतकऱ्याच्या जमिनीवर अन्याय करून पडणार असेल, तर तीही खान्देशाने नाकारावी. हे शेवटचे वाक्य जोडावे लागते ते विखरणच्या एका शेतकऱ्यामुळे. त्यांची हकिगत पुढे येईल.

आधी दीपनगर. तिथला पहिला संच १९६८चा, ६२.५ मेगावॅटचा. १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच आले आणि २०१२ नंतर ५०० मेगावॅटचे दोन. पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. या केंद्राने भुसावळ परिसरातल्या कितीतरी घरांना पगार दिला, वसाहत वसवली, मुलांना शिकवले. त्याचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. ज्या काळात दुसरा मार्ग हाताशी नव्हता, त्या काळात कोळसा जाळणे हा अपराध नव्हता.

सहावा संच मात्र त्या काळातला नाही. ६६० मेगावॅटच्या या संचाच्या कामाचा आदेश भेलला २०१८च्या जानेवारीत मिळाला आणि तो उत्पादनात यायला सहा वर्षांहून अधिक काळ गेला. संच सुपरक्रिटिकल जातीचा आहे. त्यातली वाफ जास्त दाबाची आणि जास्त तापलेली असते, म्हणून तेवढ्याच कोळशात थोडी अधिक वीज मिळते. सुधारणा खरी आहे. तरीही हिशेब मांडून पाहावा. असा संच ८५ टक्के भाराने चालला, तर दिवसाला एक कोटी चौतीस लाख युनिटच्या आसपास वीज होते. एका युनिटला साधारण सहाशे ग्रॅम कोळसा धरला, तरी रोज आठ हजार टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे रोज अडीच हजार टनांहून अधिक राख, आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे बारा हजार टन.

आणि पाणी? नव्या संचांनी एका युनिटमागे तीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा केंद्राचा नियम आहे. तो तंतोतंत पाळला तरी रोजचे चार कोटी लिटर होतात. खेड्यात माणशी ५५ लिटर पाणी द्यायचे, हे जलजीवन मिशनचे माप. त्या मापाने एवढ्या पाण्यात सात लाखांहून अधिक माणसांची रोजची गरज भागते. मे महिन्यात ज्या जिल्ह्यात टँकरची मागणी येते, त्या जिल्ह्यात हा आकडा कागदावरचा राहत नाही. त्या मानाने सौर पटलांना पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते, आणि कोरड्या ब्रशने पुसण्याची यंत्रे आल्यापासून तेही कमी झाले आहे.

राखेची गोष्ट आकड्यांपेक्षा डोळ्यांनी लवकर समजते. दीपनगरची राख पाण्यात कालवून नळांतून वेल्हाळे शिवारातल्या बंधाऱ्यात सोडली जाते. पाणी असेतो ती बसून राहते. ऊन तापले, वरचा थर सुकला आणि वारा सुटला की ती उठते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, गुरांच्या चाऱ्यावर, पिकाच्या पानांवर बसते. उरलेली राख डंपरांतून विटांसाठी, सिमेंटसाठी, रस्त्यांच्या भरावासाठी जाते आणि वाटेतल्या गावांवर सांडत जाते. राखेचा शंभर टक्के वापर झालाच पाहिजे, असे केंद्राने २०२१च्या डिसेंबरात पुन्हा बजावले. वापर होणे चांगलेच. पण रोज अडीच हजार टनांची नवी भर पडत असताना वापराने साठा संपवायचा, म्हणजे भरल्या नळाखाली हौद उपसायचा.

धुराड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कोळशाच्या केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवावी, यासाठीचे मानक २०१५च्या डिसेंबरात ठरले. मुदत आधी दोन वर्षांची होती. ती पुनःपुन्हा वाढत गेली आणि २०२५च्या जुलैत देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. कोळशाची वीज स्वस्त दिसते त्याचे एक कारण इथे आहे. धूर धुण्याचा खर्च बिलात येत नाही, तो छातीच्या दवाखान्यात भरला जातो.

कोळसा उन्हात भर घालतो, ही गोष्ट खान्देशात तरी कोणाला परदेशी अहवालातून पटवावी लागू नये. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे लोकांच्या परिचयाचे आहे. रावेर-यावलच्या केळीबागांत त्याचा अर्थ असा होतो, की गरम वाऱ्याने पाने फाटतात, करपतात, घड पोसला जात नाही, झाड मधूनच मोडते. शेतकरी बागेभोवती शेवरी लावतात, गजराज गवताची भिंत उभी करतात, हिरवी जाळी बांधतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनामागे इथली माती, इथले पाणी आणि इथले हवामान आहे. यातले हवामानच पालटू लागले, तर कागदावरचे मानांकन बाग वाचवू शकणार नाही.

कोळसा नको तर अणू घ्या, असे आता मोठ्या आवाजात सांगितले जाते. केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर केले. अणुवीज बनताना धूर निघत नाही, हे खरे आहे आणि विरोधकांनी ते मान्य केले पाहिजे. म्हणूनच तिचे मोजमाप तिच्याच मैदानावर व्हावे : वेळ, पैसा, पाणी आणि धोका.

त्यासाठी तापीच्या कडेने खाली काकरापारला जावे. तिथल्या २२० मेगावॅटच्या दोन जुन्या अणुभट्ट्या १९९३ आणि १९९५ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आल्या. १९९४च्या जूनमध्ये मुसळधार पावसात पुराचे पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले होते. २०१६च्या ११ मार्चला पहिल्या अणुभट्टीत शीतक जड पाण्याची गळती झाली आणि ती बंद करावी लागली. फुकुशिमाच्या दुर्घटनेला त्याच दिवशी पाच वर्षे पूर्ण होत होती. बाहेरच्या लोकांना इजा झाली नाही, ही समाधानाची बाब. पण अणुभट्टीच्या आतल्या नळ्या बदलून ती पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडले. शेजारी ७०० मेगावॅटच्या दोन देशी अणुभट्ट्यांचे बांधकाम २०१० मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये त्या पूर्ण व्हायच्या होत्या. पहिली व्यावसायिक उत्पादनात आली २०२३च्या जूनमध्ये, दुसरी २०२४च्या मार्चमध्ये. भारतीय अभियंत्यांनी स्वतःच्या बळावर हे उभे केले, याचा अभिमान वाटावाच. पण हवामानाच्या संकटाला उत्तर म्हणून तेरा वर्षे थांबणे परवडणारे नाही.

परदेशी तंत्रज्ञानाची कथा याहून लांबलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला, माडबनच्या सड्यावर, फ्रान्सच्या १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभ्या राहायच्या आहेत. पर्यावरण मंजुरी मिळाली २०१०च्या नोव्हेंबरात. २०११च्या १८ एप्रिलला साखरी नाटे इथे आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. इतकी वर्षे लोटली तरी त्या जागेवरून एक युनिट वीज निघालेली नाही. याच जातीची अणुभट्टी खुद्द फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल इथे २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ मध्ये पूर्ण व्हायची होती, ती २०२४च्या डिसेंबरात जाळ्याला जोडली गेली. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता, तो १३ अब्जांच्या पुढे गेला. ज्या देशाची बहुतांश वीज अणूपासून येते, त्याला हे जमले नाही. महाराष्ट्राच्या ग्राहकाने त्या खर्चाचा भार का उचलावा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

खान्देशच्या दृष्टीने आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समधल्या ऱ्होन, गारोन या नद्यांचे पाणी इतके तापले, की काठावरच्या अणुभट्ट्यांना उत्पादन कमी करावे लागले. थंडावा द्यायला थंड पाणी लागते, आणि विजेची मागणी वाढते नेमकी त्याच दिवसांत. फ्रान्सच्या उन्हाळ्यात जे घडते, ते तापीच्या खोऱ्यातल्या वैशाखाला लावून पाहावे.

आता त्या उन्हाकडेच वळू. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३च्या मार्चमध्ये सुरू झाला. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज त्याला मिळाले होते. त्या वेळी देशातल्या मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होत असे. सौर वीज तेव्हा महाग होती. पुढच्या दहा वर्षांत तिचा भाव कोसळत गेला. २०२४च्या सप्टेंबरात महावितरणने २५ वर्षांसाठी ६,६०० मेगावॅटचा एक एकत्रित देकार स्वीकारला : ५,००० मेगावॅट सौर, १,६०० मेगावॅट कोळशाची. सरासरी भाव युनिटला ४ रुपये ८ पैसे. त्यातल्या सौर विजेचा भाव २ रुपये ७० पैसे. सरासरी एवढी वर का गेली, हे सांगायला गणिताचा प्राध्यापक नको. नवा कोळसा आता महाग आहे, आणि २५ वर्षांच्या कराराने तो महागडेपणा पुढच्या पिढीच्या बिलात बांधून ठेवला जातो.

जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकाबरोबर सौर पंपांचाही कारखाना उभा केला. जैन हिल्सवर फळप्रक्रियेच्या टाकाऊ मालापासून गॅस आणि त्या गॅसपासून वीज होते. धुळ्यात पवनचक्क्यांची पाती बनली. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. म्हणजे या दोन जिल्ह्यांना स्वच्छ वीज नवखी नाही. तिचे कसब, कामगार आणि कारखाने इथे आहेत.

पण तिची जखमही इथेच आहे.

शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचाजवळ ६६० मेगावॅटच्या संचांचा मोठा औष्णिक प्रकल्प आणायचे ठरले आणि विखरण, मेथी या गावांतल्या जमिनींचे संपादन सुरू झाले. पुढे औष्णिक प्रकल्प मागे पडला आणि तीच जमीन सौर प्रकल्पासाठी ठरवली गेली. स्वच्छ ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्या कोणालाही ही बातमी आनंदाची वाटली असती. विखरणच्या धर्मा पाटील यांना ती तशी वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या पाच एकर जमिनीला सुमारे चार लाख रुपये मोबदला मिळाला होता. शेतात आंब्याची झाडे होती. ती मोबदल्यात धरलीच नाहीत, ही त्यांची तक्रार होती. शेजारच्या जमिनीला कोटीच्या घरात रक्कम मिळाल्याचे ते पाहत होते. कार्यालयांच्या पायऱ्या चढून ते थकले. २०१८च्या २२ जानेवारीला, वयाच्या ८४व्या वर्षी, त्यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि रक्कम पन्नास लाखांच्या आसपास गेली. ती रक्कम आधी रास्त नव्हती आणि नंतर रास्त झाली, असे नाही. जमीन तीच होती, झाडे तीच होती.

कोळशाऐवजी सौर पटले आली म्हणून विखरणचा अन्याय पुसला जात नाही. साक्रीच्या पठारावरही हेच पुढे आले. पवनचक्क्यांसाठी वनजमिनी वळवल्या जात असताना, त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेच्या झेंड्याखाली विरोध केला. वनहक्क कायदा २००६चा. ज्यांचे हक्क या कायद्याने मान्य करायचे होते, त्यांच्याच कसत्या जमिनीतून पवनचक्कीचे रस्ते गेले. त्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर जंगल परत आणले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गावाला विचारून, गावाच्या हाताने झालेले काम कसे टिकते, हे पाहायला लांब जावे लागत नाही.

मग जमीन कशी घ्यावी? एक उत्तर सरकारच्याच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ मध्ये तिचे दुसरे पर्व आले. यात जमीन संपादन करायची नाही, भाड्याने घ्यायची. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दर वर्षी तीन टक्के वाढ, आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दर वर्षी पाच लाखांचे अनुदान. धर्मा पाटील यांच्या जमिनीपैकी एकाच हेक्टरचे या दराने भाडे धरले, तरी त्यांना एकदाच मिळालेला चार लाखांचा आकडा चौथ्या वर्षी ओलांडला गेला असता, आणि जमीन घरातच राहिली असती. त्या मरणानंतर हा हिशेब मांडताना हात जड होतो. पण तो मांडला नाही, तर पुढच्या गावात तीच चूक पुन्हा होईल.

या योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडतात आणि त्या फीडरवरच्या पंपांना दिवसा थ्री फेज वीज देतात. खान्देशात याचे मोल फार आहे. आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट असते, तेव्हा कपाशीला किंवा हरभऱ्याला पाणी धरायला माणूस रात्री दीडला उठतो. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, साप-विंचू, आणि यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचे भय. शेतातल्या त्या माणसाला कार्बनचे गणित सांगण्याची गरज नाही. त्याला सकाळी नऊला वीज हवी आहे, आणि ऊन ती नेमकी त्याच वेळी देते.

रात्रीचे काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. सूर्य मावळल्यावर घरातले दिवे, पंखे, कूलर सुरू होतात आणि मागणीची दुसरी लाट येते. पण शेतीचा मोठा भार दिवसाकडे सरकला, की ती लाट पेलायला सोपी होते. पावसाळ्यात ढगांनी ऊन झाकले की पश्चिम घाटाकडून येणारा वारा जोर धरतो. साक्रीच्या पवनचक्क्या त्याच महिन्यांत सर्वाधिक फिरतात. साठवणीसाठी घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून काम करतो आहे : जादा वीज असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. मोठ्या बॅटऱ्यांच्या निविदांतले दरही गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले आहेत. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा २०२५च्या जूनमध्ये निम्म्यावर पोहोचला. तरी प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशाचीच येते, हेही विसरता येत नाही. म्हणून आज चालू असलेले संच उद्या सकाळी बंद करा, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. मागणी एवढीच, की चाळीस वर्षे चालेल असा नवा संच आता उभारू नका.

दीपनगरच्या कामगारांना यात भीती वाटत असेल, तर ती रास्त आहे. विशेषतः कंत्राटी कामगारांना, कारण संच बंद होतो तेव्हा पहिली कपात त्यांची होते. निवृत्त संचांच्या जागेवर स्विचयार्ड आहे, उच्च दाबाच्या वाहिन्या आहेत, रेल्वे आहे, पाण्याचा हक्क आहे. बॅटरी साठवणीचे केंद्र उभे करायला याहून तयार जागा खान्देशात मिळणे कठीण. ते केंद्र तिथेच व्हावे आणि त्यातल्या नोकऱ्यांवर पहिला हक्क त्याच कामगारांचा असावा, हे संच बंद होण्याआधी लिहून घेतले पाहिजे. हतनूरचे जे पाणी सुटेल, ते कोणाच्या वाट्याला जाईल, हेही त्याच कागदावर यावे.

शेवटी एक कायद्याची बाब. कोळशाचे नवे केंद्र किंवा अणुकेंद्र आणायचे, तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस आधी नोटीस निघते, लोकांना बोलता येते, त्यांचे बोलणे नोंदले जाते. सौर प्रकल्पाला ही पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून ही सुनावणीही होत नाही. गावाला आपले म्हणणे मांडायला ग्रामसभाच काय ती उरते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींनी म्हणूनच दोन ठराव एकाच बैठकीत करावेत. तापीच्या खोऱ्यात कोळशाचा किंवा अणूचा नवा प्रकल्प नको, हा पहिला. दुसरा असा, की सौर किंवा पवन प्रकल्पासाठी गावातली जमीन भाडेपट्ट्यानेच दिली जाईल, झाडे-विहिरींची नोंद पंचनाम्यात आधी होईल आणि कराराचा मसुदा मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. या ठरावांची पहिली प्रत विखरणच्या ग्रामपंचायतीला पाठवावी.